धुता येणारा शार्क

शार्क पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा थिएटर भरलेलं होतं, पण किंकाळी कोणीच फोडली नाही. आधी मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. मग ते हसू रांगेरांगेने पुढे सरकत आलं, आणि शार्कने भला मोठा जबडा उघडून नायिकेच्या नणंदेवर झेप घेतली तेव्हा बाल्कनीतून आवाज आला, "अरे, सोफा आला." तिथून पुढे सिनेमाचं काही खरं राहिलं नाही. नणंदेचा पाय गेला, लोक हसले. नायिका धाय मोकलून रडली, लोक आणखी हसले.

दाराशी उभ्या असलेल्या थोरलीने कपाळाला हात लावला. सिनेमा तिच्या धाकट्या भावाचा होता, संकलन तिचं होतं, आणि रविवारी सकाळी ओळखीपाळखीच्या लोकांना फुकट दाखवून त्यांचं मत घ्यावं ही अक्कलही तिचीच. पण तिचा जीव यातल्या कशातच अडकला नव्हता. तो अडकला होता पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेल्या बाबांमध्ये. कारण शार्क बाबांनी केला होता. लोक हसायला लागले तसे बाबा मागे वळले आणि एकेकाचा चेहरा निरखून पाहू लागले. ते काय शोधत होते ते थोरलीला कळलं नाही.

खरं सांगायचं तर बाल्कनीतला माणूस काही वावगं बोलला नव्हता. शार्क होताच सोफा.

बाबा जन्मभर सोफे करत आले होते. आसपासच्या बहुतेक बैठकीच्या खोल्यांत त्यांच्या हातचा सोफा होता, आणि त्यावर कसं बसावं याबद्दल त्यांची मतं ठाम होती. सोफ्यावर पाय घ्यायचे नाहीत. हा घरातला पहिला कायदा, आणि दुसरा कायदा नव्हताच. पाहुणे असोत नाहीतर घरी तपासायला आलेले डॉक्टर, बाबा हसतमुखाने त्यांच्या पायांकडे बघत राहायचे आणि पाय आपोआप खाली यायचे. थोरलीच्या वेळी नववा महिना लागला तरी आईला पाय पसरायचे तर उठून पलंगावर जावं लागे. ही गोष्ट आई स्वतःच सगळ्यांना सांगायची, आणि सांगता सांगता तिची हसून पुरेवाट व्हायची.

आई गेली आणि बाबांनी दुकानाला कुलूप लावलं. खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. जेवायला हाक मारली की उठायचे, मुकाट्याने जेवायचे, पुन्हा खिडकी. थोरलीने समजावून पाहिलं, आत्याने रागावून पाहिलं. शेवटी कामाला आला तो धाकटा, ज्याच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नव्हती. त्याच्या डोक्यात शार्कचा सिनेमा घुसला होता आणि शार्क विकत किंवा भाड्याने आणायची त्याची ऐपत नव्हती. त्याने बाबांना सरळ विचारलं, मला एक शार्क करून द्याल का? बाबांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, किती माणसं बसणार? दुसऱ्या दिवशी दुकानाचं कुलूप निघालं.

वर्षभर बाबा शार्कच्या मागे होते. लोखंडी सांगाडा, आत स्प्रिंगा, त्यावर फोम, आणि वरून एका दंतवैद्याच्या बाकांसाठी आणून उरलेलं करडं रेक्झिन. प्रत्येक शिवणीला गोट लावलेला, कारण उघडी शिवण ठेवून बाबांना झोप लागली नसती. आणि पोटाखाली गळ्यापासून शेपटीपर्यंत पितळी चेन. चेन कशाला, असं धाकट्याने विचारलं तेव्हा बाबांना त्याची कीवच आली. खाऱ्या पाण्यात काम करणार आहे तो, ते म्हणाले, कव्हर काढून धुता नको यायला? त्या वर्षात बाबा पुन्हा शीळ घालायला लागले, जेवताना मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायला लागले. घर कसं घरासारखं वाटू लागलं. अशा वेळी शार्कबद्दल ब्र काढायची कोणाची छाती होती? म्हणून झेपेच्या प्रसंगात ती पितळी चेन उन्हात लखकन चमकते हे धाकट्याला दिसलं, थोरलीला तर दिवसरात्र दिसत होतं, आणि तरीही दोघं बहीणभाऊ तोंडाला कुलूप घालून बसले. त्याचं फळ रविवारी सकाळी पदरात पडलं.

खेळ संपल्यावर थिएटरचा मालक डोळे पुसत आला. इतका मनसोक्त मी कित्येक वर्षांत हसलो नाही, म्हणाला, आपण हा विनोदी सिनेमा म्हणूनच लावू या. पोस्टरवर शार्क, त्याची ती चेन, आणि वर मोठ्या अक्षरांत 'सोफा आला'. धाकटा पाय आपटत निघून गेला. थोरलीने गयावया करून थोडा अवधी मागितला. मालक माणूस वाईट नव्हता, फक्त व्यवहाराला पक्का होता. पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारचा संध्याकाळचा खेळ त्याने देऊ केला. लोक घाबरले तर भयपट म्हणून चालू ठेवतो, हसले तर विनोदी म्हणून. माझं दोन्हीकडून बरंच आहे, असं म्हणून तो पुन्हा हसायला लागला.

त्याचं दोन्हीकडून बरं होतं. थोरलीच्या डोळ्यांपुढे मात्र चौकाचौकात लावलेली ती पोस्टरं आली, आणि त्यांच्यापुढे ती खिडकी, ती खुर्ची. ज्या कामाने बाबा उठून उभे राहिले होते त्याच कामाची गावभर टिंगल झाली असती, आणि मग कुठला धाकटा आणि कुठला शार्क त्यांना पुन्हा उठवणार होता?

बाबा तेवढ्यात आपल्या सीटवर तळहात दाबून बघत होते. "फोम बसलाय तुमचा," ते मालकाला म्हणाले. "पुढच्या रांगेत तर नुसती फळी लागते."

धाकट्याचं निदान तयार होतं. शार्क कमी पडला. अजून जवळून दाखवायला हवा होता, अजून दात, अजून रक्त. थोरलीचं म्हणणं अगदी उलट होतं, पण ते तिला धड मांडता येईना. ती पोटापाण्यासाठी लग्नांचे व्हिडिओ संकलित करायची. रुसून बसलेले काका, जांभया देणारे पाहुणे, ऐन वेळी हरवलेली अंगठी, हे सगळं ती असं बेमालूम उडवायची की नवराबायकोला पुढे आयुष्यभर वाटावं, आपलं लग्न किती सुखात पार पडलं. काय काढायचं ते तिच्या हाताला कळत होतं. का काढायचं, हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून तिने आत्याला हाताशी धरलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सिनेमा बघताना तिच्या हातात कायम विणकाम असे, आणि घरात पहिल्यापासून एक रीत होती. सिनेमा कसा आहे हे आत्याला विचारायचं नाही, तिच्या सुयांना विचारायचं. आत्या तोंडाने सगळ्याच सिनेमांना छान म्हणायची. पण सुया चालत राहिल्या तर सिनेमा टुकार, आणि सुया थांबल्या तर पोरांनो, हातातली कामं टाकून या.

धाकट्याने कुठून कुठून शार्कचे सिनेमे जमवून आणले. दुपारी पडदे ओढून बैठकीच्या खोलीत त्यांची सभा भरायची. शार्कही सभेला असायचा, कारण दुकानात जागा नसल्यामुळे तो भिंतीला लावून ठेवला होता. आत्या त्यालाच पाठ टेकून बसायची आणि कमरेला असा आधार कुठल्याच सोफ्याने दिला नाही म्हणायची. थोरली पडद्याकडे पाठ करून आत्याच्या हातांकडे बघत बसे.

एका सिनेमात शार्क पहिल्या मिनिटापासून शेजाऱ्यासारखा येत-जात होता. आत्याची एक अख्खी बाही विणून झाली. दुसऱ्यात एक तरणाबांड गडी, पायातून रक्त गळत असताना, सगळे नको नको म्हणत असताना पाण्यात उतरला. "खाऊ दे त्याला," आत्या म्हणाली आणि तिने लोकरीचा रंग बदलला. धाकटा हिरमुसला, कारण हा त्याचा लाडका सिनेमा होता.

मग एक साधासा, गरिबीत काढलेला सिनेमा लागला. एक बाई समुद्रातल्या खडकावर अडकलेली, आणि किनारा इतका जवळ की तिथे दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसावेत. बराच वेळ काहीच घडत नव्हतं. बाई पाण्याकडे बघत होती, पाणी गप्प होतं. थोरलीला सुयांची टिकटिक ऐकू येईना. तिने पाहिलं तर आत्याचे हात हवेत तसेच थांबलेले, आणि लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळून पार दारापर्यंत गेलेला. शेवटी शार्क आला, चांगला दांडगा, दात विचकून. आत्याने सुस्कारा सोडला. "आला एकदाचा," ती म्हणाली, आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

थोरलीने सिनेमा बंद केला. "आत्या, खरा घाबरायचा प्रसंग तर आत्ता आला. तू विणायला का लागलीस?"

"आता कळलं ना तो कुठे आहे ते," आत्या म्हणाली. "मघाशी तो कुठेही असू शकत होता."

बहीणभावांची नजर एकाच वेळी आत्याच्या पाठीमागे गेली, जिथे त्यांचा शार्क नेमका कुठे आहे हे जगाला दुरूनही कळत होतं, आणि धाकट्याचा चेहरा पडला.

थोरलीने कात्री चालवायला घेतली. पहिल्यांदा झेप उडवली. मग जबडा, मग पोट, मग पोटाखालची चेन. धाकटा प्रत्येक वेळी डोळे झाकून घ्यायचा आणि बोटांच्या फटीतून बघायचा. सिनेमात दोन बायका होत्या, भावजय आणि नणंद, किनारा दिसेल इतक्या अंतरावर समुद्रात एका तराफ्यावर अडकलेल्या. त्यांचं भांडण आधी सिनेमाच्या शेवटाकडे होतं. थोरलीने ते उचलून सुरुवातीला आणलं. एकमेकींशी बोलत नाहीत, पण पाण्याची बाटली एकच, मग ती मुकाट्याने पुढे सरकवायची. आता या दोघींना कोणी काही केलं तर आत्या 'खाऊ दे' म्हणणार नाही याची तिला खात्री होती. किनारा तिने पुन्हा पुन्हा दाखवला. लाल छत्री, वाळूत खेळणारी पोरं, आणि एक भला गृहस्थ, ज्याला या दोघी मदतीसाठी जिवाच्या आकांताने हात हलवतात आणि जो आनंदाने उलट हात हलवतो.

तरीही झेपेच्या जागी एक भगदाड राहिलं. तिथे काहीतरी व्हायला हवं होतं. ते थोरलीला धाकट्याने वाया गेला म्हणून टाकून दिलेल्या एका शॉटमध्ये सापडलं. त्या दिवशी शार्कच्या फोमने पाणी पिऊन घेतलं होतं आणि तो दगडासारखा तळाला गेला होता. त्याची दोरी तराफ्याच्या कोपऱ्याला अडकली होती, आणि तराफ्याच्या पलीकडे, गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून, बाबा ती दोरी जिवाच्या कराराने खेचत होते. पडद्यावर यातलं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच: शांत पाणी, आणि तराफ्याचा एक कोपरा करकरत हळूहळू खाली जातोय. जातो, आणि तिथेच थांबतो. दोन्ही नट्यांचे चेहरे पांढरेफटक पडलेत, कारण काय होतंय हे त्यांनाही ठाऊक नाही. थोरलीने तो शॉट लावला आणि आत्याला बोलावलं. सुया थांबल्याच, शिवाय आत्याचा एक टाका निसटला. तो निसटल्याबद्दल तिने थोरलीला दिवसभर बोल लावले आणि थोरली दिवसभर हसत राहिली.

आता राहिलं होतं ते बाबांना सांगणं.

बाबा दुकानात होते. थिएटरच्या मालकाने पुढच्या रांगांच्या सीटा त्यांना दुरुस्तीला दिल्या होत्या, आणि ते एका सीटला नवं लाल रेक्झिन ताणून बसवत होते. थोरली स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"बाबा, मी शार्क काढला."

"कुठल्या प्रसंगातला?"

"सगळ्याच."

बाबांचा हात थांबला. "एकदाही दिसत नाही?"

"शेवटी एकदा. पाण्याखालून जातो तेव्हा. नुसती सावली."

बाबांनी रेक्झिनची सुरकुती अंगठ्याने सपाट केली. थोरलीने येताना काय काय पाठ करून आणलं होतं, ते सगळं ती विसरली. तिच्या तोंडून खरं तेच निघालं. "लोक तुमच्या कामाला हसले, ते मला सहन झालं नाही बाबा."

"कामाला कुठे हसले? चेनीला हसले," बाबा म्हणाले. "मी मागे वळून बघत होतो ना. चेन चमकली की हसायचे. ती आतून लपवता आली असती, चूक माझीच. पण चेन लपवायची सोडून तू शार्कच लपवलास?"

थोरलीने तराफ्याचं सांगितलं. "तो कोपरा खाली जातो ना, तो तुमचा शार्कच ओढतोय. दोरी तुमच्या हातात आहे. फक्त तुम्ही दोघं दिसत नाही."

"दिसत नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हातोडी उचलली.

त्यानंतर घरात शीळ ऐकू आली नाही. बाबा सकाळी जायचे, सीटा करायचे, संध्याकाळी यायचे. मीठ कमी असलं तरी बोलायचे नाहीत. एकदा ते दमून आल्यावर खिडकीशी जाऊन उभे राहिले तेव्हा थोरली जेवता जेवता उठून उभी राहिली. पण ते नुसतं बाहेर बघून परत फिरले. आत्या म्हणाली, रुसलाय, लहानपणापासून असाच आहे. थोरलीला वाटलं, लग्नांतून इतके रुसलेले काका काढून टाकले, आता हे एक माणूस कसं काढणार, आणि काढलं तर मागे उरतंय कोण?

शुक्रवार उजाडला. मी काही सिनेमा बघायला येत नाही, सीटा बघायला येतोय, असं बाबांनी आधीच जाहीर केलं. ते सगळ्यांच्या आधी थिएटरात पोहोचले आणि नव्या लाल सीटा एकेक करून दाबून बघू लागले. दारावरच्या माणसाला त्यांनी बजावलं, कोणी सीटवर पाय घेतले तर मला सांगायचं. शार्कला मालकाने बाहेर जायच्या वाटेवर चादर पांघरून ठेवलं होतं. सिनेमा संपल्याशिवाय चादर काढायची नाही अशी थोरलीची अट होती. पहिल्या रांगेत बाबा, शेजारी थोरली, तिच्या पलीकडे विणकाम घेऊन आत्या. धाकटा दाराशी उभा राहून नखं खात होता. थिएटर गच्च भरलं होतं, कारण 'सोफा आला' ही बातमी मालकाने मुद्दाम दाबली नव्हती. लोक हसायच्या तयारीनेच आले होते.

आणि सुरुवातीला हसलेसुद्धा. भावजय-नणंदेच्या अबोल्याला मनापासून हसले. किनाऱ्यावरच्या त्या गृहस्थाने आनंदाने हात हलवला तेव्हाही हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच विरलं. मग पाणी शांत झालं. मागे कोणीतरी कागदाची पुडी सोडत होतं, तेही थांबलं. आत्याच्या सुयांची टिकटिक बंद झाली. थोरली पडद्याकडे बघतच नव्हती. ती बाबांकडे बघत होती.

बाबांना त्या प्रसंगातलं सगळं ठाऊक होतं. दोरी कुठे बांधलीय, फोम किती पाणी प्यायलाय, आतल्या स्प्रिंगा कुठल्या, रेक्झिन कुठल्या गठ्ठ्यातलं. सबंध थिएटरात या शार्कला न घाबरण्याचा हक्क कोणाला असेल तर तो त्यांना एकट्याला होता. करकरत तराफ्याचा कोपरा खाली जाऊ लागला. बाबांनी सीटचा हात घट्ट धरला. कोपरा आणखी खाली गेला आणि तिथेच थांबला. आणि थोरलीच्या देखत बाबांचे दोन्ही पाय, पॉलिश केलेल्या बुटांसकट, जमिनीवरून उचलले गेले आणि थेट नव्या कोऱ्या सीटवर आले.

"खाली कोण आहे?" बाबांनी कुजबुजत विचारलं.

"तुम्हीच आहात, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्यांकडे, बुटांकडे, बुटांखालच्या लाल रेक्झिनकडे. त्यांचे खांदे हलायला लागले. थोरली घाबरली, पण ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, अगदी आई हसायची तसे. तेवढ्यात मागून कोणीतरी सणसणीत किंकाळी फोडली, आणि तिच्यामागून आणखी दोघातिघांनी. दाराशी धाकटा दोन्ही हात वर करून नाचत होता.

बाबा मागे वळले, त्या रविवारी वळले होते तसेच. पण या वेळी ते कोणाचेही चेहरे बघत नव्हते. पडद्याच्या निळसर उजेडात दुसऱ्या रांगेतल्या, तिसऱ्या रांगेतल्या, झाडून सगळ्या माणसांचे पाय सीटवर होते.

"नवं रेक्झिन आहे," बाबा स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी आपले पाय आणखी जवळ ओढून घेतले.